बायकांच्या बॅचची फरशी

माझी थोरली बहीण पोहण्याच्या तलावावर पडली, तेव्हा तिला भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "पण या वयात पोहायला जायचंच कशाला?" तिथली फरशी कशी होती, हे एकानंही विचारलं नाही. बिस्किटांचा पुडा टीपॉयवर ठेवायचा, आक्काच्या प्लॅस्टरकडे बघून चुकचुकायचं आणि मग माझ्याकडे वळून हा प्रश्न टाकायचा. म्हणजे पडली ती, आणि गुन्हेगार मी. घरी आलेल्याला चहा द्यावाच लागतो म्हणून मी दिला, पण साखर घालताना माझा हात आखडता होता हे कबूल करते.

मी सोलापुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दोन खोल्या, गॅलरीतल्या कुंड्या आणि माझा स्वभाव, एवढाच संसार उरला. स्वभाव तापट आहे, हे माझे जुने विद्यार्थी सांगतील. आक्का मंगळवेढ्याच्या बाजूला दिलेली. भावजी गेले, मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. येताना ज्वारीचं पोतं घेऊन आली आणि दोन निकामी गुडघे. सगळा जन्म रानात उकिडवं बसून खुरपण्यात गेला होता. आमच्या जिन्याच्या पायऱ्या उतरताना ती दर पायरीला एकेका देवाचं नाव घ्यायची. तळमजल्यापर्यंत देव संपायचे आणि मग सुनेचा उद्धार सुरू व्हायचा.

डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. पाण्यात शरीराचं वजन गुडघ्यांवर येत नाही. मला हे माहीत होतं, मी हेच मुलांना शिकवत आले होते, पण आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "पान्यात? मला? आगं, लोक काय म्हंतील?"

लोक काय म्हणतात ते आपण नंतर पाहिलंच.

आणखी एक सांगायला हवं. आक्काला पोहता येत होतं. लहानपणी पाठीला वाळलेला भोपळा बांधून वडिलांनी तिला गावच्या विहिरीत ढकललं होतं आणि महिन्याभरात ती भोपळ्याशिवाय पोहायला लागली होती. मी काठावर बसून रडायचे, ती दगडी कठड्यावरून उड्या मारायची. मग ती मोठी झाली. एके दिवशी आईनं सांगितलं, आता विहिरीवर जायचं नाही. झालं. त्या दिवसापासून माझ्या बहिणीनं पाणी पाहिलं ते बादलीत, हंड्यात आणि पिकाच्या सऱ्यांत. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही. मला आज वाटतं आणि आईचा राग येतो, पण आई आता भांडायला उपलब्ध नाही.

आमच्या भागात एका मंडळाचा तलाव आहे. सकाळी पुरुष, मग शिकाऊ मुलं, आणि सगळ्यांचं उरकलं की अकराला बायकांची बॅच. सोलापुरात उन्हाळ्यात अकराला काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पण बायकांनी घरचा स्वयंपाक, डबे, धुणं आटोपून यायचं तर दुसरी वेळ कोणती, असा मंडळाचा विचार. बायकांच्या सोयीचा विचार करून मंडळानं बायकांना भर उन्हात पाठवलं होतं.

पहिल्या दिवशी आक्का लांब बाह्यांचा पोशाख घालून बाहेर आली ती भिंतीला चिकटून. वरून पंचा गुंडाळलेला, त्यावर माझा दुपट्टा. शिडीशी मी सगळं ओढून काढलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. कठडा धरून एक पाय खाली, दुसरा खाली, छातीपर्यंत पाणी आलं आणि तिचे हात आपोआप पसरले. पन्नास-पंचावन्न वर्षं ते हात भाकरी थापत होते, पण विसरले काही नव्हते. ती पाठीवर आडवी झाली आणि पाण्यावर राहिली. मग एकदम ओरडली, "आगं, गुडघं दुखंनात की!" सगळी बॅच हसली. आक्का रडत होती आणि मीही रडले. रागाशिवाय मी रडले असा तो बऱ्याच वर्षांतला पहिला प्रसंग होता.

त्यानंतर रोज. अकराच्या बॅचसाठी ती नऊ वाजताच पिशवी भरून दारात बसायची. जिन्यावर देवांची नावं चालूच होती, पण सून सुटली. तलावात आक्का वेगळीच बाई होती. नव्या मुलींना श्वास कसा सोडायचा ते शिकवायची, थट्टा करायची. बाहेर आली की पुन्हा म्हातारी व्हायची आणि माझ्या खांद्यावर हात टाकून खुरडत चालायची.

आता फरशी.

तलावाच्या चारी बाजूंना मंडळानं मंगल कार्यालयात घालतात तसली चकचकीत फरशी घातली होती. तोंड दिसेल अशी. अध्यक्षांना तिचा फार अभिमान होता. उन्हात ती फरशी तव्यासारखी तापायची, अनवाणी पाय ठेवला की चटका. म्हणून बायकांच्या बॅचआधी सफाईच्या बाई रबरी पाइप घेऊन सगळ्या कडेनं पाणी मारायच्या. फरशीला उतार धड नाही, पाणी जायला वाट नाही. जागोजागी डबकी साठायची, त्यात केस, साबणाचा फेस. कोरडी असली तर पाय भाजणार, ओली असली तर घसरणार. यातलं काय हवं ते बायकांनी निवडायचं.

बायकांनी तिसरंच शोधून काढलं. सोलापुरात टॉवेलांना काय तोटा? घरोघरी कारखान्यातले डागी टॉवेल पडलेले असतात. एखादा धागा सुटलेला, एखाद्याचा काठ वाकडा. लादी पुसायला, गाडी पुसायला, कुत्र्याला अंथरायला तेच. बॅचमधल्या प्रत्येकीनं एकेक आणला आणि कपडे बदलायच्या खोलीपासून शिडीपर्यंत टॉवेलांची वाट तयार झाली. रोज अंथरायची, रोज पिळून कठड्यावर वाळत टाकायची. कुणाला पाळी वाटून द्यावी लागली नाही की कुणी कुरकुर केली नाही. आपल्या बायकांना कुणी खड्डा दिला तर त्या खड्ड्याशेजारी रांगोळी काढतील, इतक्या त्या समजूतदार असतात. मला या समजूतदारपणाचा मनस्वी संताप आहे.

मी सांगितलं होतं. गुळगुळीत फरशी, त्यावर पाणी, त्यावर भिजलेलं कापड, त्यावर माणूस. कापड माणसाला घेऊन सरकणारच. टॉवेल पायाला धरतो, पण टॉवेलला कोण धरतं? त्या हसल्या. "बाई, शाळा सुटली आता!" एकजण म्हणाली. मी म्हटलं, चला मंडळाकडे, फरशी बदलून मागू. तर म्हणे, कशाला त्यांना त्रास, उद्या बॅचच बंद करतील.

आक्का पडली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. पोहून बाहेर आली, मी एक पाऊल मागे. तिनं पहिल्या टॉवेलावर पाय ठेवला आणि टॉवेल तिच्यासकट निघाला. खाली टेकवलेल्या हातावर सगळा भार आला. तो हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि तो मला कुणाला सांगायचा नाही. बायका धावल्या. त्याही घसरत, एकमेकींना धरत आल्या. आक्का आडवी पडल्या पडल्या आभाळाकडे बघून म्हणाली, "पान्यात पडले आसते तर काय झालं नसतं की गं."

मनगट मोडलं. उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. पुण्याहून भाचा रात्रीची गाडी पकडून आला. मुलगा चांगला आहे, आईवर जीव आहे त्याचा. पण त्यानंही मला पहिलं वाक्य हेच ऐकवलं, "मावशी, तू तिला कशाला नादी लावलंस?" मी त्याच्यापुढे चहा ठेवला, बिनसाखरेचा. माझा राग बाहेर पडला नाही की साठत जातो.

दुसऱ्या आठवड्यात मी मंडळाच्या कार्यालयात गेले. अध्यक्ष म्हणजे उंचापुरे, इस्त्रीचे गृहस्थ. भिंतीवर त्यांचेच सत्काराचे फोटो. एसी इतका की मला शाल हवीशी वाटली. मी घडलेलं सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, "फार वाईट झालं, मॅडम. पण आपण बोर्ड लावलाय ना. फरशी ओली आहे, सावकाश चाला."

"फरशी ओली आहे हे तुम्हाला माहीत आहे तर."

"म्हणून तर बोर्ड लावलाय."

"आणि बोर्ड वाचल्यावर माणूस पडत नाही?"

ते हसले. मोठ्या माणसांना लहान मुलांच्या प्रश्नांवर येतं तसं हसू. म्हणाले, "आजींचं वय बघता थोडी काळजी घ्यायला हवी होती. टॉवेल अंथरायला आम्ही कुठे सांगितलं होतं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, पाय धरून ठेवणारी, पाणी खालून जाऊ देणारी फरशी मिळते. जाळीची असते, तलावासाठीच करतात. ती का नाही घालत?

यावर हा माणूस उजळला. खरंच उजळला. "अहो, आहे की आपल्याकडे! या, दाखवतो."

मला त्यांनी मागच्या खोलीत नेलं. तिथं भिंतीला लावून खोकी रचलेली. एक त्यांनी मोठ्या प्रेमानं उघडलं. आत प्लॅस्टिकच्या वेष्टनात निळे, जाळीदार चौकोन. वर बारीक उंचवटे, कडेला एकमेकांत अडकवायच्या खाचा, खाली टेकायला ठेंगणे पाय, म्हणजे पाणी जाळीतून खाली उतरून वाहून जाणार आणि पाय वर कोरड्यावर राहणार. मी तो चौकोन हातात घेतला, अंगठा त्यावरून फिरवला. अंगठा अडत होता. माझी बहीण घरी हात गळ्यात बांधून बसली होती आणि तिला वाचवणारी वस्तू इथं पंख्याखाली आराम करत होती.

"कधी आणलं हे?"

"बरेच दिवस झाले. पण म्हटलं, मोठी स्पर्धा वगैरे भरवू तेव्हा काढू. रोजच्या वापरात ठेवलं तर उन्हानं रंग जातो हो. आत्ता कसं, नवंकोरं आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यात लबाडी नव्हती. लबाडी असती तर बरं झालं असतं. पाहुण्यांसाठी कपबश्या कपाटात ठेवतात आणि घरच्यांनी कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा, त्या चालीवर त्यांनी फरशी ठेवली होती. पाहुण्याचा पाय घसरता कामा नये. घरच्यांचा काय, घसरतोच. मी म्हटलं, "रंग गेला तर मी येऊन लावून देते. उद्या ही फरशी घाला." ते म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो. मी घरी आले आणि भांडी इतक्या जोरात घासली की आक्का आतून म्हणाली, "भांड्यानं काय केलंय तुजं?"

कमिटीपुढे ते बराच काळ ठेवलंच जात होतं. मग मी बॅचमधल्या बायकांना ती खोकी दाखवली. फक्त दाखवली, बोलले काही नाही. समजूतदार बायका खोक्यांकडे बघत राहिल्या. मग जी मला शाळा सुटली म्हणाली होती तीच म्हणाली, "आन् आमी येड्या टॉवेल पिळत बसलो व्हय?"

दुसऱ्या दिवशी बॅच सुटल्यावर कुणीही कपडे बदलले नाहीत. सगळ्याजणी तलावातून निघून तशाच निथळत अध्यक्षांच्या कार्यालयात शिरल्या आणि उभ्या राहिल्या. केसांतून पाणी, बाह्यांतून पाणी, कार्यालयाच्या फरशीवर बघता बघता तळं. अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि घाईघाईनं हाक मारली, "अहो, पोछा आणा लवकर! कुणाचा तरी पाय घसरेल इथे!"

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले. त्या आठवड्यात खोकी बाहेर निघाली.

निळी फरशी घातली गेली तेव्हा मी उभी राहून पाहिलं. चौकोनात चौकोन टकटक अडकत गेला. कपडे बदलायच्या खोलीपासून शिडीपर्यंत आणि पुढे सगळ्या उत्तर बाजूनं. मग पाइप सोडला, आणि पाणी जाळीतून असं नाहीसं झालं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी घरी धावत जाऊन आक्काला सांगितलं. प्लॅस्टर निघालं होतं, पण बसून बसून गुडघे आणखी आखडले होते आणि संडासापर्यंत जायचं तरी ती भिंत धरायची. ती म्हणाली, "मग चल की उद्या." तिचा चेहरा मी फार दिवसांनी तसा फुललेला पाहिला.

आम्ही गेलो तर फरशीभोवती लाल फीत बांधलेली. सफाईच्या बाई म्हणाल्या, "हितनं न्हाय जायाचं. उदघाटन व्हायचं हाय."

मी तिथं जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फरशी घातलेली आहे, पाणी वाहतं आहे, पाय ठरतो आहे, फक्त एका मोठ्या पाहुण्यानं येऊन कात्रीनं फीत कापायची राहिली आहे, आणि तोवर बायकांनी दक्षिण बाजूच्या जुन्या चकचकीत फरशीवरून, लांबून वळसा घालून, ओल्यातून जायचं! अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, एवढं काम झालं, ते रीतसर नको का व्हायला? साहेबांची तारीख मिळाली की लगेच." आक्कानं त्या दक्षिण बाजूकडे एकदा पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. विहिरीच्या कठड्यावरून उड्या मारणारी माझी बहीण जमिनीला घाबरली होती. आम्ही घरी परत आलो.

साहेबांची तारीख मिळेना. आज दौरा, उद्या लग्नं, परवा मुंबई. बायका फितीकडे बघत बघत पलीकडून घसरत जायच्या. मी एकदा कात्री पिशवीत घालून नेली होती, पण त्या दिवशी नेमके अध्यक्ष दारातच उभे होते.

इकडे भाच्यानं ठरवून टाकलं. आईला आता पुण्याला न्यायचं, कायमचं. त्याच्या फ्लॅटमध्ये लिफ्ट आहे, शेजारी दवाखाना आहे, आणि पोहणं वगैरे काही नाही. इमारतीत तलाव आहे म्हणे, पण "आई, तिकडे बघायचंसुद्धा नाही." आक्का फोनवर व्हय व्हय म्हणाली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "त्याचं बी बरोबर हाय. त्याला घोर लागतो." मग बराच वेळ तळपाय चोळत बसली. आईनं विहीर बंद केली तेव्हाही ती अशीच व्हय म्हणाली असणार. आता मुलगा बंद करत होता, तोही प्रेमानंच. मला या प्रेमाचं काय करावं ते कळत नव्हतं.

तो तिला न्यायला रविवारी येणार होता आणि साहेबांची तारीख नेमकी त्याच रविवारी मिळाली. तीही अकराची, म्हणजे आमच्या बॅचची. शनिवारी अध्यक्षांचा फोन आला. आक्काचा सत्कार करायचा होता. ज्येष्ठ जलतरणपटू म्हणून. मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघितलं. तुमच्या फरशीवर हाड मोडलं त्याबद्दल शाल आणि नारळ! मी नाही म्हणणार होते. आक्कानं खुणेनं विचारलं, काय? मी सांगितलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, "सत्काराच्या निमतानं तलावापातुर जायला तर मिळंल. पोराला बी न्हाय म्हनता येनार न्हाय."

रविवारी तिनं आत पोहण्याचा पोशाख घातला आणि वरून नऊवारी. मी तिला निऱ्या घालायला मदत केली. भाचा म्हणाला, आई जाड दिसतेस आज. ती म्हणाली, मंगळवेढ्याची ज्वारी.

तलावावर मांडव. नव्या फरशीवर खुर्च्या मांडलेल्या. समई, हार, लाऊडस्पीकर. आणि फाटकापासून फितीपर्यंत, आणि फितीपलीकडे थेट शिडीपर्यंत, त्या जाळीदार, पाय धरणाऱ्या, मोठ्या मुश्किलीनं खोलीबाहेर आलेल्या फरशीवर यांनी लाल कापडाची पायघडी अंथरली होती. साहेबांसाठी. कडेनं पाणी उडून ती भिजली होती आणि तिला सुरकुत्या पडल्या होत्या. टॉवेलांनी एकीचं मनगट मोडलं ते यांना पुरलं नव्हतं.

साहेब उशिरा आले. फीत कापली. टाळ्या. मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक. अध्यक्ष सांगत होते की महिला भगिनींच्या सुरक्षिततेचा ध्यास मंडळानं पहिल्या दिवसापासून घेतला आहे. बॅचमधल्या बायका मागे पोशाख घालून उन्हात उभ्या, त्यांना खुर्च्या नव्हत्या. साहेब पाणीटंचाईवर बोलले, संस्कारांवर बोलले, बोलतच राहिले. मी आक्काकडे पाहत होते. ती पाण्याकडे पाहत होती. बॅच बाराला संपते. संपली की फाटक बंद, आणि दुपारच्या गाडीचं तिकीट भाच्याच्या खिशात.

सत्कार झाला तेव्हा बारा वाजत आलेले. साहेबांनी आक्काच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो झाले. अध्यक्षांनी माइक पुढे केला, "आजी, दोन शब्द." तेवढ्यात पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी सवयीनं बॅच संपल्याची शिट्टी वाजवली. अध्यक्ष हसून म्हणाले, "चला, वेळेचं पालन! भगिनींनो, आता नव्या फरशीवरून उद्यापासून या."

उद्यापासून. माझ्या डोक्यातली शेवटची शिरही तडकली. मी उठले, त्या लाल पायघडीचं टोक धरलं आणि ओढलं. ओलं कापड जड असतं. दोन खुर्च्या कलंडल्या, कुणीतरी "अहो मॅडम!" म्हणून ओरडलं. मी थांबले नाही. बॅचमधल्या दोघी-तिघी धावत आल्या आणि त्यांनीही दुसऱ्या बाजूनं धरलं. सगळी पायघडी गोळा करून आम्ही साहेबांच्या खुर्चीशेजारी टाकली. निळी फरशी उघडी पडली, शिडीपर्यंत.

मी वळले आणि आक्काला हात दिला. तिनं माझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं नारळ अध्यक्षांच्या हातात ठेवला.

"धरा जरा," म्हणाली.

शाल त्यांच्याच खांद्यावर गेली. मग तिनं, सगळ्या मांडवासमोर, शांतपणे नऊवारी सोडली. भाच्याचं तोंड उघडं राहिलं. चप्पल काढून तिनं उजवा पाय त्या जाळीवर ठेवला, दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला. पाय जागचा हलला नाही. मग डावा. कुणाला न धरता, हात थोडे पसरून, ती चालत गेली. माझी बहीण घरात भिंत धरून चालायची, ती. मी तिच्या मागे एक पाऊल होते आणि मला काही करायचं नव्हतं. माझा राग अंगात तसाच होता, पण त्याला त्या क्षणी काम उरलं नव्हतं, आणि मला रडू आलं.

शिडीवरून ती उतरली. छातीपर्यंत पाणी आलं आणि तिनं मान मागे टाकली.

भाचा धावत काठापर्यंत आला. सगळ्यांदेखत ओरडता येत नव्हतं म्हणून दबक्या, कळवळलेल्या आवाजात, पुण्याची भाषा विसरून म्हणाला, "आई, वर ये. गाडी चुकंल आपली. कवा येनार हायस?"

आक्का पाठीवर आडवी झाली. कान पाण्यात गेले होते, तरी तिनं ऐकलं.

"येते की," ती म्हणाली. "गुडघं दुखाया लागलं की लगीच येते."